कुमारांचे व्यसन आणि सहवासाचा उपचार



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून उन्हाळ्यातल्या संध्याकाळी व्याख्यान ऐकण्याची सवय महाराष्ट्राला लागली, आणि ही सवय कोणी सोडवू नये असेच आम्ही म्हणू. आज ज्या सवयींविषयी बोलायचे आहे, त्या मात्र निराळ्या आहेत. चिटणीसांना आम्ही विषय कळवला, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "लोक येतील ना?" आपण आलात, याबद्दल आम्ही आरंभीच आपले आभार मानतो.

आरंभी एक कबुली दिली पाहिजे. एका शाळेत मुख्याध्यापकाच्या खुर्चीत आम्ही बरीच वर्षे काढली. त्या काळात नववीतल्या एका मुलाला शिपायाने मैदानाच्या कडेला पकडून आणले. रुमालावर व्हाइटनर ओतून तो हुंगत होता. त्याचे डोळे लाल झाले होते आणि आपल्याला कोठे आणले आहे हेही त्याला नीट उमगत नव्हते. आम्ही वडिलांना बोलावले, चार कडक शब्द सुनावले आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्या हातावर ठेवला. एक नासका आंबा काढून टाकला म्हणजे अढी वाचते, अशी आमची तेव्हा समजूत होती. वडील दारापर्यंत गेले, वळले आणि म्हणाले, "सर, आता ह्याला नेऊ कुठं?" आम्ही उत्तर दिले नाही, कारण आमच्याजवळ ते नव्हते. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजा.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने देशभर पाहणी केली आणि तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक विलक्षण गोष्ट आढळली. दारू, अफू, गांजा या सर्वांच्या बाबतीत प्रौढांचे प्रमाण मुलांहून अधिक आहे. परंतु हुंगण्याच्या पदार्थांत, म्हणजे व्हाइटनर, पंक्चरचे सोल्यूशन, पेट्रोल यांत, मुले प्रौढांच्या पुढे गेली आहेत. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण १.१७ टक्के आणि प्रौढांत ०.५८ टक्के निघाले. या एका व्यसनापायी मदतीची गरज असलेली मुले देशात सुमारे ४ लाख ६० हजार आहेत असा अंदाज त्यात दिला आहे. अडत्याकडून चोरून आणावे लागते असे हे विष नाही. ते स्टेशनरीच्या दुकानात मिळते, सायकलच्या दुकानात मिळते आणि मुलाच्या खाऊच्या पैशांत बसते.

आता एक भेद नीट ध्यानात घ्यावा. व्यसनी मुलगा म्हणजे व्यसनी माणसाची लहान आवृत्ती नव्हे. चाळिशीचा गृहस्थ दारू सोडतो, तेव्हा त्याला परत जायला एक आयुष्य असते. त्याने पूर्वी नोकरी केलेली असते, संसार मांडलेला असतो, चारचौघांत वागण्याची रीत त्याला ठाऊक असते. हे सारे धुळीने झाकलेले असले, तरी धुळीखाली ते असते. पंधरा वर्षांच्या मुलाजवळ असे काही नसते. राग आला तर तो गिळायचा कसा, कंटाळा आला तर वेळ घालवायचा कसा, मित्राला 'नको' म्हणायचे कसे, हे शिकण्याचे जे वय, तेच वय नशेत गेलेले असते. प्रौढाला पुन्हा उभे करावयाचे असते, मुलाला प्रथमच उभे राहायला शिकवावयाचे असते. हे शिक्षण औषधाच्या बाटलीतून देता येत नाही, ते माणसांच्या सहवासातूनच मिळते.

याच विचारातून गेल्या शतकात एक उपचारपद्धती पुढे आली. तिला इंग्रजी जाणणारे लोक 'थेराप्यूटिक कम्युनिटी' म्हणतात. आपण तिला सहवासगृह म्हणू. १९५८ साली कॅलिफोर्नियात चार्ल्स डेडरिक नावाच्या एका सुटलेल्या दारुड्याने 'सिनॅनॉन' नावाची वसाहत काढली. तिच्यात डॉक्टर नव्हते, कुलपे नव्हती. व्यसन सुटलेल्यांनी व्यसन सोडू पाहणाऱ्यांबरोबर राहायचे, एवढीच योजना होती. तिच्याच धर्तीवर १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये 'डेटॉप' निघाले. १९६७ साली त्याच शहरात हेरॉइनच्या पकडीतून नुकतेच निघालेले सहा जण इस्पितळातून घरी न जाता एका जुन्या घरात एकत्र राहू लागले. घरी गेलो तर पुन्हा तेच होणार, हे त्यांना कळून चुकले होते. पुढे डॉ. मिचेल रोझेन्थाल या मानसोपचारतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्या घराची 'फीनिक्स हाउस' ही मोठी संस्था झाली.

अशा घराची व्यवस्था कशी चालते ते थोडक्यात सांगतो. सकाळी सर्वांची एक बैठक होते. मग कामाची वाटणी. नवा मुलगा आला की त्याच्या हाती झाडू येतो किंवा खरकटी भांडी येतात. तो नीट काम करू लागला की स्वयंपाकघराच्या तुकडीत जातो, पुढे त्या तुकडीचा प्रमुख होतो आणि कालांतराने नव्या मुलांना घर दाखवण्याचे काम त्याच्याकडे येते. पायरीगणिक थोडी मोकळीक वाढते आणि तिच्याबरोबर जबाबदारीही वाढते. दिवा चालू ठेवून कोणी खोलीबाहेर गेला, तर दुसरा त्याला टोकतो आणि टोकलेल्याने ते मुकाट्याने ऐकायचे असते. आठवड्यातून काही वेळा मुले गोल करून बसतात आणि एकमेकांच्या वागण्याचा हिशेब तोंडावर मांडतात. मोठ्या माणसाला फसवणे या मुलांना सोपे असते. पण जो स्वतः तेच बहाणे सांगत आला आहे, त्याला फसवणे कठीण जाते. 'जमत नसले तरी जमत असल्यासारखे वाग, वागता वागता जमेल' असाही एक नियम तेथे असतो. आपल्या आज्यांनी सुनांना याहून निराळे काही सांगितले असेल असे आम्हांला वाटत नाही!

मुलांसाठी अशी घरे निघाली तेव्हा त्यांत काही फेरफार करावे लागले. शाळा घरातच आणावी लागली. मोठ्यांची देखरेख वाढवावी लागली. गोलात बसून एकमेकांना फैलावर घेण्याची रीत पुष्कळ सौम्य करावी लागली, कारण जो कठोर शब्द तिशीच्या माणसाला जागे करतो, तोच कोवळ्या मुलाला मोडून टाकतो. आणि आईबापांना बोलावून त्यांनाही शिकवावे लागले.

येथवर ऐकून आपल्याला वाटेल की उत्तर सापडले: घर काढावे आणि मुलांना तेथे धाडावे. परंतु या पद्धतीच्या इतिहासातली काळी पानेही आपल्यापुढे ठेवली पाहिजेत.

पहिले पान सिनॅनॉनचेच आहे. ज्या वसाहतीला कुलूप नव्हते तिच्याभोवती हळूहळू मनाची भिंत उभी राहिली. बाहेरचे जग वाईट, आत येणाऱ्याने परत जायचेच नाही आणि संस्थापकाचा शब्द हाच कायदा, असा तिचा पंथ झाला. १९७८ साली सिनॅनॉनविरुद्ध खटला लढवणाऱ्या एका वकिलाच्या टपालपेटीत विषारी साप ठेवण्यापर्यंत मजल गेली. साप चावला, परंतु वकील सुदैवाने वाचला. दुसरे पान फ्लॉरिडात १९७६ साली खास मुलांसाठी निघालेल्या 'स्ट्रेट' या संस्थेचे. तिने मुलांना सक्तीने अडकवून ठेवले, त्यांचा अपमान आणि छळ केला अशा तक्रारी झाल्या, खटले चालले आणि १९९३ साली ती बंद पडली. असे प्रकार पुढेही घडत राहिल्यामुळे २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेला निवासी संस्थांतील मुलांच्या छळाकडे लक्ष पुरवणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. तात्पर्य, ज्या घरात बाहेरचा डॉक्टर, बाहेरचा तपासनीस आणि मुलाची आई केव्हाही जाऊ शकत नाही, त्या घरात मूल ठेवू नये. मग त्याच्या पाटीवर कितीही पवित्र नाव असो.

तिसरे पान अधिक सूक्ष्म आहे, कारण तेथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता. बॉस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ पासून सुमारे पाचशे मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या मुलांना समुपदेशक, शिकवण्या, उन्हाळी शिबिरे असे सर्व काही मिळाले. निम्म्यांना काही नाही. तीस वर्षांनंतर जोन मॅकॉर्ड या विदुषींनी हिशेब मांडला, तेव्हा मदत मिळालेल्यांचे भले तर झाले नव्हतेच, उलट काहींचे अधिक वाईट झाले होते. विशेषतः जी मुले उन्हाळी शिबिरांना एकाहून अधिक वेळा गेली, त्यांच्यात ते ठळक दिसले. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! बिघडू लागलेली मुले एका ठिकाणी गोळा केली आणि त्यांच्यातला वेळ रिकामा सोडला, तर ती परस्परांची शाळा चालवतात आणि त्या शाळेत अभ्यासक्रम त्यांचाच असतो. सहवास हे औषध आहे हे खरे, पण मात्रा चुकली तर हेच औषध विष होते.

तर मग चांगल्या रीतीने चालवलेल्या सहवासगृहाचा उपयोग किती? या प्रश्नाला उत्तर देणारी एक पाहणी लॉस एंजेलिस शहरात झाली आहे, आणि ती आजच्या विषयाचे मर्मच आहे असे आम्ही समजतो. फीनिक्स हाउस संस्थेचे तेथे मुलांसाठी एक निवासी विद्यालय होते. १९९९ च्या फेब्रुवारीपासून २००० च्या मेपर्यंत बालन्यायालयाने निवासी गृहांकडे धाडलेली तेरा ते सतरा वर्षांची ४४९ मुले संशोधकांनी निवडली. त्यांपैकी १७५ या विद्यालयाकडे गेली होती आणि २७४ इतर ठिकाणी. दोन्हींतला मूळचा फरक गणिताने जमेस धरून त्यांनी तुलना केली. बारा महिन्यांनी पाहिले तेव्हा विद्यालयाकडे गेलेली मुले नशेपासून अधिक दूर होती आणि त्यांचे मनःस्वास्थ्यही अधिक चांगले होते. गुन्ह्यांच्या बाबतीत मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. हा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला आणि सहवासगृहाच्या पुरस्कर्त्यांना आनंद झाला.

पण संशोधकांनी मुलांचा पिच्छा सोडला नाही. सहा वर्षांनी, सात वर्षांनी आणि त्याच्याही पुढे त्यांनी त्यांना शोधून काढले. ती आता बावीस-तेवीस वर्षांची झाली होती. २०१० साली हा पुढचा हिशेब बाहेर आला. पहिल्या वर्षी मिळालेला फायदा पुढे टिकलेला दिसत नव्हता. विद्यालयाकडे गेलेले आणि दुसरीकडे गेलेले यांत ओळखू येईल असा भेद उरला नव्हता. आणि ती सारी मुले मिळून काय झाली होती? सात वर्षांनंतरच्या गणतीत बारा मरण पावली होती आणि त्यांपैकी सात बंदुकीच्या गोळीने. चौथा हिस्सा मुलांनी गेल्या तीन महिन्यांतला प्रत्येक दिवस तुरुंगात काढला होता. परंतु ५८ टक्के मुलांनी शालेय शिक्षण पुरे केले होते आणि ६३ टक्के मुलांनी गेल्या वर्षात कोठे ना कोठे काम केले होते. यश आणि अपयश यांची अशी सरमिसळ होती.

या आकड्यांचा अर्थ काय करावा? कोणी म्हणेल, मग हे घर फुकट गेले. आम्हांला तसे वाटत नाही. पंधराव्या वर्षातले एक वर्ष शुद्धीवर जाणे ही लहान गोष्ट नव्हे. ते वर्ष ज्या आईने काढले आहे तिला विचारा. दोष घराचा नाही, घराकडून आपण जी अपेक्षा केली तिचा आहे. मुलगा घरात काही महिने राहिला आणि मग त्याच गल्लीत, त्याच कट्ट्यावर, त्याच मित्रांत परत आला. दरम्यान बदलला तो एकटा. गल्ली होती तशीच राहिली. गढूळ डबक्यातला मासा काढून स्वच्छ पाण्यात ठेवला, तो तरतरीत झाला, आणि आपण त्याला पुन्हा डबक्यात सोडून 'पाण्याचा गुण आला नाही' म्हणू लागलो, तर ते न्यायाचे होणार नाही. सहवासगृह एक वर्ष देऊ शकते. पुढची वर्षे देण्याची शक्ती त्याच्यात नाही. ती गावात आहे.

हे नुसते आमचे म्हणणे नाही. इलिनॉय राज्यात निवासी उपचार पुरा करून बाहेर पडलेल्या १८३ मुलांवर एक प्रयोग झाला व त्याचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना नेहमीप्रमाणे 'अमुक ठिकाणी येत जा' असा सल्ला देऊन निरोप दिला. उरलेल्यांच्या घरी मात्र एक कार्यकर्ता तीन महिने दर आठवड्याला स्वतः जाऊ लागला. तो मुलाशी बोले, आईबापांशी बोले, शाळेत चौकशी करी, संध्याकाळचा वेळ कसा भरावा हे ठरवी. ज्यांच्या घरी माणूस गेला, त्या मुलांचा पुढचा उपचार तुटला नाही आणि गांजापासून दूर राहिलेल्यांचे प्रमाणही त्यांच्यात अधिक निघाले. बंधूंनो, यात मोठे शास्त्र काय आहे? 'तू ये' म्हणण्याऐवजी 'मी येतो' म्हटले, एवढेच.

आपल्याकडेही या वाटेवर कोणी चाललेच नाही असे नाही. ऐंशीच्या दशकात 'गर्द' नावाची पूड मुंबई-पुण्याच्या तरुणांत शिरली, तेव्हा डॉ. अनिल अवचट यांनी तिच्याविषयी लिहिले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी देणगीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच रुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. तेथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते झाली. घरच्या मंडळींनाही उपचारात सामील करून घेण्याची रीत तेथे पडली. ते केंद्र मुख्यतः प्रौढांसाठी निघाले. पण माणूस माणसाला सावरतो हे त्याने महाराष्ट्राला दाखवले.

आता आपल्या गावाकडे वळू. प्रत्येक मुलाला निवासी उपचार लागतो असे नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. पुष्कळ मुले घरी राहून, शाळेत जाऊन, डॉक्टर आणि समुपदेशक यांच्या मदतीने सावरतात. घरातच दारू वाहत असेल, मुलगा पुन्हा पुन्हा घसरत असेल किंवा त्याच्या जिवाला धोका असेल, तरच घर सोडण्याचा विचार करावा आणि तोही डॉक्टरांच्या सल्ल्याने. केंद्र सरकारची १४४४६ ही दूरध्वनीसेवा याच कामासाठी आहे. तो आकडा येथून जाताना लिहून घ्यावा.

पण मुलगा गेला आणि परत आला, तर? शाळेने त्याला परत घ्यावे. ही विनंती आम्ही शिक्षकांना करतो, कारण आम्ही स्वतः ती पाळली नाही. शाळा सुटलेल्या मुलाचा दिवस रिकामा होतो आणि रिकाम्या दिवसाला गिऱ्हाईक लगेच मिळते. ज्यांचे गॅरेज आहे, छापखाना आहे, दुकान आहे, त्यांनी वयात बसणाऱ्या मुलाला कायद्याला धरून काम शिकवावे. तालमीच्या वस्तादांनी आणि गणेशमंडळाच्या कार्यकर्त्यांनी त्याला हाक मारावी; मात्र मांडवामागे काय चालते तेही पाहावे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असा २००३ चा कायदा आहे. बालकाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, असे २०१५ चा बालन्याय कायदा सांगतो. हे कायदे आपल्या टपरीवाल्याला ठाऊक आहेत का, हे उद्या सकाळी पान घेताना विचारून पाहावे.

आणि शेवटची गोष्ट जिभेची. मुलगा परत आला की गल्लीत कुजबुज सुरू होते. 'तोच ना तो?' आई नळावर गेली की बायका गप्प होतात. मुलाला हे सारे कळते आणि जे त्याला आधीच म्हणतात, ते व्हायला त्याला वेळ लागत नाही. तो घसरलाच, तर ती शोभा म्हणून पाहू नये. दम्याचा रोगी पावसाळ्यात पुन्हा धापा टाकतो, तेव्हा आपण त्याला लबाड म्हणत नाही, वैद्याकडे नेतो. तसेच येथे करावे.

आमच्या शाळेतल्या त्या मुलाचे पुढे काय झाले, ते आम्ही कधी विचारले नाही. विचारायला त्याच्या घरापर्यंत दहा मिनिटांचा रस्ता होता. आज त्याच्या वडिलांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर आम्ही म्हणू, गरज पडेल तर चांगले घर शोधू, आपण दोघे जाऊन ते पाहून येऊ, आणि तो परत येईल तेव्हा त्याचे नाव हजेरीपटावर असेल. एवढे उत्तर देण्यासाठी तज्ज्ञ व्हावे लागत नाही. आपल्यापैकी कोणाच्या दाराशी असा बाप आला, तर त्याला ते मिळावे, एवढीच आमची इच्छा आहे.